खिळ्यांचे टायर, स्पितीचा बर्फ आणि बागेची वाट

वाचकांचे पत्र:

‘गुहागर तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. गेल्या वर्षी डिझेलवर चालणारी फोर बाय फोर (इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणारी) गाडी घेतली. येत्या जानेवारीत पत्नीसह हीच गाडी घेऊन शिमला-किन्नौरमार्गे स्पितीला जाण्याचा आणि किब्बरला हिमबिबट्या दिसतो का ते पाहण्याचा बेत आहे. आमचे जावई स्वीडनमध्ये उमेओ येथे असतात. ते म्हणतात की बर्फावर गाडी चालवायची तर खिळ्यांचेच टायर हवेत, आणि चार टायर तिकडून पाठवण्याची त्यांची तयारी आहे. गाडीच्या दुकानातला मुलगा म्हणतो की फोर बाय फोर असताना वेगळ्या टायरची गरजच नाही. मला वाटते, खिळ्यांचे टायर घेतले तर पावसाळ्यात बागेच्या लाल चिखलाच्या वाटेवरही ते कामी येतील. आपला सल्ला काय?’

सप्रेम नमस्कार.

टायर पाठवू नका, असे जावयांना आजच कळवा. कारणे पुढे सविस्तर देतोच, परंतु तिकडे खरेदीची तयारी सुरू झाली असेल तर ती आधी थांबली पाहिजे, म्हणून निर्णय वर घेतला आहे. आपल्या प्रवासात खिळ्यांचे टायर अडचणीचेच ठरतील, आणि बागेच्या वाटेवर त्यांचा काहीही उपयोग होणार नाही. मात्र दुकानातल्या मुलाचे म्हणणेही मला मान्य नाही. गाडी फोर बाय फोर आहे म्हणून बर्फाची चिंता नको, ही समजूत चुकीच्या टायरपेक्षाही घातक आहे, आणि तिच्याविषयी मी जरा अधिक लिहिणार आहे.

आधी बर्फाविषयी. आकाशातून नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ, गाड्यांच्या वजनाने दाबून घट्ट झालेला बर्फ आणि वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा बर्फ या तिन्हींना आपण मराठीत एकच शब्द वापरतो, कारण आपल्या किनाऱ्यावर त्यांतला एकही कधी पायाखाली येत नाही. चिखलाच्या बाबतीत मात्र आपण असे करीत नाही. लावणीसाठी केलेला चिखल वेगळा, पऱ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ वेगळा, गुरांच्या वाटेवरची राड वेगळी आणि कातळावरचे शेवाळ तर त्याहून वेगळे, हे आपल्याला पाय टाकताक्षणी कळते. टायर निवडताना बर्फाकडे याच नजरेने पाहावे लागते, कारण खिळे या तीन प्रकारांपैकी मुख्यतः एकाच प्रकारासाठी बनवलेले असतात.

खिळा म्हणजे टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण द्रव्याची बारीक कांडी. ती एका छोट्या टोपणात बसवून टायरच्या रबरात रोवलेली असते आणि रबराच्या बाहेर जेमतेम एक ते दीड मिलिमीटर डोकावते. उत्तर युरोपातील देशांत मोटारीच्या टायरवर परिघाच्या दर मीटरला ५० खिळे ही सर्वसाधारण मर्यादा आहे, म्हणजे दोन-सव्वादोन मीटर परिघाच्या टायरवर शंभर-एकशेदहा खिळे असतात आणि त्यांतले एका वेळी जमिनीला टेकलेले अगदी मोजके असतात. काचेसारख्या बर्फावर, विशेषतः तापमान शून्याच्या आसपास असून बर्फावर पाण्याचा पातळ थर आलेला असताना, हे मोजके खिळे बर्फात रुततात आणि तिथे त्यांची बरोबरी दुसरा कोणताही टायर करू शकत नाही. भुसभुशीत बर्फात त्यांचे काम फारसे उरत नाही. तिथे टायरच्या खोल नक्षीत बर्फ दाबून भरला जातो आणि बर्फाला बर्फ धरतो. डांबरावर आणि काँक्रीटवर तर खिळा उलटाच वागतो. रस्ता त्याच्याहून कठीण नसला तरी रुतण्याइतका मऊही नसतो, त्यामुळे गाडीचा काही भार रबराऐवजी धातूच्या टोकांवर येतो, रबराची पकड कमी होते आणि ब्रेक लावल्यावर गाडी अधिक अंतर जाऊन थांबते. शिवाय खिळे झिजतात, सैल होतात, निखळतात आणि रस्ताही खरवडतात. याच कारणाने पश्चिम जर्मनीत १९७५ पासून त्यांवर बंदी आली, आणि जपानमध्ये साप्पोरो, सेंदाई यांसारख्या शहरांत खरवडलेल्या रस्त्यांची धूळ लोकांच्या छातीत जाऊ लागल्यावर १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा झाला.

आता आपला मार्ग पाहा. गुहागरहून मुंबई आणि दिल्लीवरून शिमल्यापर्यंतच सुमारे दोन हजार किलोमीटर होतात. तिथून रामपूर, पूह, नाको, ताबो करीत स्पितीतल्या काझा गावापर्यंत आणखी चारशेहून अधिक. जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटरांच्या या प्रवासात चाकाखाली बर्फ येईल तो शेवटच्या शे-दोनशे किलोमीटरांत, आणि तोही सलग येणार नाही. म्हणजे खिळ्यांचे टायर घरून चढवून निघालात तर ज्यासाठी ते घेतले तो बर्फ दिसण्यापूर्वीच दोन हजार किलोमीटर कोरडे डांबर आणि काँक्रीट त्यांची टोके झिजवून टाकेल, आणि तेवढे सगळे अंतर आपण कमी पकडीच्या टायरवर महामार्गाच्या वेगाने कापलेले असेल. चारही टायर टपावर बांधून न्यायचे आणि रामपूरला बदलायचे, असा विचार मनात आला असेल तर तोही सोडून द्या. टपावर एवढे ओझे घेऊन किन्नौरची कड्यात कोरलेली वाट चढू नये.

खिळ्यांइतकेच महत्त्वाचे रबर आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे होतच नाही. आपले नेहमीचे टायर उष्णतेसाठी घडवलेले असतात. हवा साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेली की त्यांचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत ते बसत नाही. हिवाळी टायरचे रबर गोठणबिंदूच्या खालीही मऊ राहील असे केलेले असते. हेच मऊपण आपल्या हवेत दोष ठरते, कारण मार्चच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर ते रबर लिबलिबते, वळणावर गाडी डोलते आणि नक्षी पाहता पाहता झिजते. जावयांनी पाठवलेले टायर प्रवासानंतर बागेतल्या कामासाठी वापरण्याचा आपला विचार या एकाच कारणाने बाद होतो. गोदामात ठेवून पुढच्या वेळी वापरू म्हणाल, तर रबर न वापरताही वयाने कडक होते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, तिचे पहिले दोन आकडे निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कोणताही टायर घेताना ती खूण वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जावयांच्या सल्ल्यात मात्र चूक काढण्यासारखे काही नाही, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. उमेओ ६३ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे आहे, तिथे महिनोन्महिने रस्ते गोठलेले असतात, आणि दिवसा वितळून रात्री गोठलेला काचेसारखा बर्फ ही तिथली रोजची गोष्ट आहे. स्वीडनमध्ये हिवाळी परिस्थिती असेल तेव्हा १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर बंधनकारक आहेत, आणि खिळ्यांच्या टायरना १ ऑक्टोबर ते १५ एप्रिलपर्यंत मुभा आहे. शेजारच्या फिनलंडमध्ये तर ज्या नोकिया गावावरून फोनच्या कंपनीला नाव पडले, त्याच गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हिवाळी टायर केला आणि १९६१ मध्ये खिळ्यांचा टायर आणला. म्हणजे ही त्या लोकांची दोन-तीन पिढ्यांची जाण आहे. आपल्या लेकीच्या घरी फोर बाय फोर गाडी असेल आणि त्यांचे जाणे-येणे शहराबाहेरच्या, बर्फ वितळवण्यासाठी मीठ न टाकलेल्या रस्त्यांवर असेल, तर त्यांनी खिळ्यांचे टायर अवश्य घ्यावेत. ते चारही चाकांना एकाच प्रकारचे आणि सारखेच झिजलेले असावेत, आणि नवे असताना पहिले पाचशे किलोमीटर झटके न देता, सावकाश चालवावे, म्हणजे खिळे रबरात नीट बसतात. वावर मुख्यतः शहरात, साफ केलेल्या रस्त्यांवर असेल तर बिनखिळ्यांचे हिवाळी टायर पुरेसे होतात. स्टॉकहोममधील हॉर्न्सगातान या रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या टायरना मनाईच आहे.

आता फोर बाय फोरविषयी. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडीचे सगळे वजन ढकलण्याच्या कामी येते, म्हणून ती निसरड्या चढावर निघते, जिथे साधी गाडी जागीच चाके फिरवीत राहते. पण ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतातच. थांबण्याच्या बाबतीत आपल्या गाडीत आणि शेजाऱ्याच्या लहानशा मोटारीत काहीही फरक नाही, उलट आपली गाडी जड आणि उंच आहे. फरक फक्त टायर आणि जमीन यांच्यातील पकडीचा असतो. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचे माप, साधारण ०.७ धरतात, काचेसारख्या बर्फावर तो ०.१ च्या आसपास येतो. त्या हिशेबाने ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून डांबरावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते आणि अशा बर्फावर सुमारे ६३ मीटर जाते. वेग निम्मा केला, म्हणजे ताशी २० केला, तर बर्फावरचे अंतर १६ मीटरवर येते. हे झाले सपाट रस्त्याचे. उतार दहाला एक असेल आणि पकड ०.१ असेल, तर ब्रेक कितीही दाबला तरी गाडी थांबणारच नाही, कारण तिला खाली ओढणारा जोर आणि तिला धरणारा जोर सारखेच झालेले असतात. हा हिशेब निघण्यापूर्वी वहिनींनाही समजावून सांगा, म्हणजे गाडी हळू चालवण्याचा आग्रह त्या सोडणार नाहीत.

हे मी पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी नाकोच्या पुढे, डोंगराच्या सावलीतल्या एका उतरत्या वळणावर, वरच्या झऱ्याचे पाणी रात्री रस्त्यावर पसरून गोठले होते. रस्ता काळाच दिसत होता, फक्त ओला वाटत होता. मी फोर बाय फोर घातले होते, वेग पंचवीसच्या आत होता, आणि चढावर गाडी सकाळपासून इतकी निमूट चालली होती की माझी भीती गेली होती. ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी वळलीही नाही, थांबलीही नाही. आतल्या बाजूला साफ करून लोटलेल्या बर्फाचा ढीग होता, त्यात ती जाऊन रुतली म्हणून आज हे लिहितो आहे. बाहेरच्या बाजूला काय होते ते आपण त्या वाटेने जाल तेव्हा पाहालच. साखळ्या त्या दिवशी गाडीत होत्या, पिशवीत बांधलेल्या.

फोर बाय फोरचा उताराला एक उपयोग जरूर आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाने रोखलेला वेग चारही चाकांत वाटला जातो, त्यामुळे ब्रेकला कमी हात लावावा लागतो. मात्र आपल्या गाडीत फोर बाय फोर हाताने घालावे लागत असेल, तर बहुधा पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फरक सामावून घेणारा मधला डिफरेन्शियल नसेल. अशा गाडीत कोरड्या डांबरावर फोर बाय फोर घालून वळणे घेतली की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, त्यांना तसे करता येत नाही आणि तो ताण सांध्यांवर आणि गिअरांवर चढत जातो. स्टिअरिंग जड होते. बर्फावर, मातीवर चाके थोडी घसरून हा ताण सोडतात. म्हणून सलग बर्फ लागला की घाला, सलग डांबर लागले की काढा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत असे मी वर म्हटले त्यामागेही हेच कारण आहे; दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असले तर सरळ रस्त्यावरही असा ताण येतो. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची आहे ना, ते पाहून घ्या.

मग आपण टायर कोणते घालावेत? आधी गाडीजवळ जा आणि आहे त्या टायरची बाजू वाचा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांना कारखान्यातूनच ए/टी, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हींसाठी केलेले ऑल टेरेन टायर येतात. तसे असतील आणि नक्षी अजून खोल असेल, तर नव्या टायरवर एक रुपयाही खर्च करू नका. कायद्याने आपल्याकडे मोटारीच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फासाठी ती फार अपुरी आहे; स्वीडनमध्येच हिवाळी टायरला किमान ३ मिलिमीटर लागते, आणि माझ्या मते चारच्या खाली गेलेला टायर घेऊन स्पितीला जाऊ नये. नवे घ्यावेच लागले तर कंपनीने सांगितलेल्या मापाचेच ए/टी टायर घ्या, रुंद घेण्याच्या मोहात पडू नका, आणि बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण अशी खूण आहे का ते पाहा. ही खूण १९९९ पासून वापरात आहे आणि दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी घेतलेल्या टायरलाच मिळते. बीएफगुडरिचचा केओ-२ किंवा योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी-०१५ यांसारख्या टायरवर ती आढळते; दुकानदाराच्या शब्दावर न जाता आपल्या मापाच्या टायरवर ती स्वतः शोधा. नुसते ‘एम अधिक एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेले असेल तर तो नक्षीविषयी कारखानदाराचा दावा असतो, त्यामागे बर्फावरची चाचणी असतेच असे नाही. आणि डोंगर-हिमकणाची खूणही दाबलेल्या बर्फापुरतीच बोलते. काचेसारख्या बर्फावर ए/टी टायर आपल्याला वाचवणार नाही, आणि म्हणूनच साखळ्या लागतात.

साखळ्या हे आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. खिळ्यांचे काम त्या तेवढ्या शे-दोनशे किलोमीटरांत साखळ्या करतात आणि उरलेले पाच हजार किलोमीटर पेटीत पडून राहतात. हिमाचलातले चालक हिवाळ्यात त्यांच्याच भरवशावर गाड्या काढतात. मनालीकडे तर बर्फ पडला की फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पोलीस पुढे सोडतात, असे अनेकदा घडते. त्या घेताना टायरवरचे माप लिहून न्या आणि त्याच मापाच्या घ्या, सैल साखळी चाकाच्या आतल्या बाजूस ब्रेकच्या नळीला मारते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत साखळ्या कोणत्या चाकांना चालतात हे दिलेले असते, ते आधी वाचा. पुस्तिकेची हरकत नसेल तर मी दोन जोड घेऊन चारही चाकांना लावा असे म्हणेन. फक्त मागे लावल्या तर उतारावरच्या वळणात पुढची चाके ऐकत नाहीत आणि गाडी सरळच जाऊ पाहते. फक्त पुढे लावल्या तर ब्रेक लावताच मागचा भाग फिरून पुढे येतो. स्पितीच्या वाटेवर या दोन्ही गोष्टी परवडणाऱ्या नाहीत.

त्या चढवण्याचा सराव घरीच, खळ्यात करा. सारवलेल्या खळ्यावर साखळी फिरवायची नसेल तर बाजूच्या मोकळ्या जागेत करा, पण करा. एकदा दिवसा, एकदा अंधारात टॉर्चच्या उजेडात आणि हातमोजे घालून. उणे दहा अंशांत उघड्या बोटांनी लोखंडाचा आकडा अडकवता येत नाही, आणि पहिल्यांदाच प्रयत्न करणाऱ्याला तर अजिबात नाही. बर्फ सुरू होण्याआधी सपाट जागा पाहून त्या चढवा, गाडी रुतल्यावर चढवायला जाऊ नका. थोडे अंतर जाऊन थांबा आणि पुन्हा घट्ट करा. साखळ्यांसह ताशी तीसच्या वर जाऊ नका आणि डांबर उघडे लागले की काढा, नाहीतर साखळी तुटून गाडीच्या पत्र्यात शिरते. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, तेलाचा हात फिरवून हवाबंद डब्यात ठेवा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत उघडी ठेवलेली साखळी एका पावसाळ्यात गंजून खपली धरते, हे आपल्याला मी सांगायला नको.

टायरमधील हवेविषयी एक हिशेब सांगतो, कारण त्यात दोन्ही बाजूंनी चुका होतात. थंडीने हवा आकसते, म्हणून तिकडे जाताना जास्त भरा असे काहीजण सांगतात. उंचीवर टायर फुगतो, म्हणून कमी भरा असे दुसरे सांगतात. दोन्ही परिणाम खरे आहेत आणि आपल्या प्रवासात ते जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात. गुहागरला ३० अंशांत ३२ पीएसआय भरलेली हवा काझाला, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, उणे १५ अंशांत सुमारे ३० पीएसआय दाखवील. तेव्हा वाटेत कोणाच्या सांगण्यावरून हवा काढू किंवा भरू नका. चांगला हवामापक जवळ ठेवा, रोज सकाळी गाडी हलवण्यापूर्वी मोजा, आणि पुस्तिकेतील आकड्यापाशी राहा.

तिकडे गाडी उन्हात आलेल्या रस्त्यावर, सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळातच चालवा. सावलीतले प्रत्येक वळण गोठलेले आहे असे धरून त्याच्या आधीच वेग उतरवा, वळणात शिरल्यावर ब्रेक लावू नका. रात्री हँडब्रेक ओढून ठेवलात तर तो सकाळी गोठून धरून बसेल. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. दोन रिकामी गोणपाटे आणि एक छोटे फावडे बरोबर असू द्या, कारण रुतलेल्या चाकाखाली गोणपाट सरकवले की बहुतेक वेळा गाडी निघते. आणि टायरचा विषय सोडून एकच गोष्ट: घाटात गाडी तापली म्हणून रेडिएटरमध्ये कधी साधे पाणी घातले असेल, तर निघण्यापूर्वी ते सगळे काढून योग्य प्रमाणात कूलंट, म्हणजे थंडीत न गोठणारे द्रव, भरून घ्या. साधे पाणी एका रात्रीत गोठते आणि इंजिनाला तडा देते. आपल्याकडचे डिझेलही त्या थंडीत मेण धरू लागते, त्यासाठी त्यात घालायचे द्रव्य बरोबर ठेवा.

आता बागेची वाट. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि जांभ्याची माती लोण्यासारखी होते. त्या चिखलात एक मिलिमीटरचा खिळा बुडूनच जातो. चिखलात टायरची नक्षी भरून निघते, आणि भरलेली नक्षी म्हणजे गुळगुळीत टायर. तिथे उपयोगी पडतात ते रुंद आणि खोल गाळे, जे फिरताना चिखल बाहेर फेकतात. ए/टी टायर हे काम बऱ्यापैकी करतात. केवळ चिखलासाठी केलेले एम/टी टायर याहून चांगले करतात, पण ओल्या महामार्गावर त्यांची पकड कमी पडते आणि आपला मुंबईचा फेरा पाहता ते मी सुचवणार नाही. सड्यावरच्या शेवाळलेल्या कातळाचे म्हणाल, तर त्यावर कोणताही टायर भरवशाचा नाही. जांभा ठिसूळ असल्याने खिळ्याने त्याचा चुरा होईल आणि शेवाळ तसेच राहील. तिथे पावसाच्या सुरुवातीला शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडर टाकणे, हेच करावे.

बागेची वाट मी पाहिलेली नाही, पण आपल्या भागातल्या अशा वाटा पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि माझे मत असे की टायरवर वाचलेले पैसे त्या वाटेवरच घालावेत. चाकांच्या रुंदीने चिऱ्यांचे दोन पट्टे टाका, वरच्या बाजूला पाण्याला चर काढून द्या, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता पऱ्याकडे जाईल. ज्या चढावर आज फोर बाय फोर घालावे लागते तिथे काजू उतरवायला येणारा टेम्पोही वर येऊ लागेल. हे काम मेच्या आत व्हायला हवे, म्हणून स्पितीहून परतल्यावर लगेच हाती घ्या. जानेवारीत मोहोरावर फवारणीचे दिवस असताना बाग कोणाच्या भरवशावर ठेवायची, हे आपण ठरवले असेलच.

जावयांना नकार कळवाल तेव्हा त्यांच्याकडून दुसरी एक वस्तू मात्र अवश्य मागवा. गाडीच्या काचेवर रात्री धरलेला बर्फ खरवडण्याची हातभर लांबीची खरवडणी तिकडे घरोघरी असते. काझाला सकाळी उठाल तेव्हा काचेवर गरम पाणी ओतण्याचा मोह होईल. तसे केल्यास काच तडकते. ती खरवडणी पुढच्या आसनाजवळ ठेवा, मागच्या पेटीत नको, कारण पेटीचे झाकणही गोठलेले असू शकते.